मोपाच्या सड्याखालची इंग्रजी

आंतरराष्ट्रीय विमानांशी बोलणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाला इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तिच्यासाठी सहा पातळ्यांची पट्टी ठरवली आहे. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी उमेदवाराला तपासतात आणि ज्या अंगात तो सर्वांत कच्चा, तीच त्याची पातळी धरतात. किमान चौथी पातळी हवी. चौथ्या पातळीवर असलेल्याला तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावे लागते. २००३ साली ठरलेला आणि २००८पासून लागू झालेला हा नियम अपघातांच्या अनुभवातून आला आहे. परभाषा शिकवावी लागते, मोजावी लागते आणि वापर थांबला की ती गंजते, हे विमान वाहतुकीच्या क्षेत्राने जिवाच्या भीतीने का होईना, मान्य केले.

उत्तर गोव्यातल्या मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाच्या मनोऱ्यातही हीच पट्टी चालते. त्याच सड्याच्या उतारावर आणि पायथ्याशी वारखंड, नागझर, कासारवर्णे, चांदेल, उगवे, तांबोसे ही गावे आहेत. तिथल्या मुलांनाही पहिलीपासून इंग्रजी आहे. मात्र शिकवणाऱ्याने परभाषा मुलाच्या मनात कशी रुजते याचा कधी अभ्यास केला आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांना या दुर्लक्षाची मोठी किंमत मोजावी लागेल, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३पासून तिथून उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. पेडण्याचा माणूस आजवर पोटासाठी म्हापशाला, पणजीला, मुंबईला जात आला. आता नोकरी सड्यावर आली, पण ज्यांच्या जमिनी आणि काजूच्या बागा गेल्या त्यांच्या घरातल्या तरुणाला मुलाखतीत पहिला अडसर भाषेचा लागला. 'इंग्लीश येना म्हूण घेतलो ना' हे वाक्य गावात एकदा उच्चारले गेले की त्याचा परिणाम दहा घरांवर होतो. डिचोलीची कथा थोडी वेगळी, पण तिथेच येऊन पोचते. २०१२ साली तिथल्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद पडल्या. ट्रक, बार्ज आणि यंत्रांवर उभा असलेला संसार कोलमडताना ज्या मुलांनी पाहिला, त्यांच्या आईवडिलांना इंग्रजी हीच सुटकेची वाट वाटली. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. इंग्रजी हवी, हे त्यांचे निदान बरोबर आहे.

चूक उपचारात आहे. इंग्रजी यायला हवी म्हणजे सगळे शिक्षण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून इंग्रजीतून व्हायला हवे, असे गृहीत धरले गेले. गावची मराठी शाळा ओस पडत चालली. जिथे ती अजून तग धरून आहे, तिथे इंग्रजी विषय म्हणून जशी जमेल तशी उरकली जाते. दोन्हीकडे शिकवणाऱ्याच्या तयारीचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

गोव्याने माध्यमावर भांडण कमी केलेले नाही. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर पेडण्याचेच. त्यांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा पोचल्या आणि ज्या घरांत कोणी पाटी धरली नव्हती तिथे पहिली पिढी शिकली. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावर फक्त मातृभाषेतील, म्हणजे कोकणी आणि मराठी माध्यमाच्या शाळांना अनुदान द्यायचे धोरण आले. २०११ साली ते इंग्रजीलाही खुले झाले, रस्त्यावर आंदोलने झाली, आणि २०१२नंतर अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान कायम राहिले तेव्हा पुन्हा झाली. या सर्व काळात उपोषणे, मोर्चे, निवडणुका आणि पक्षफुटी झाल्या. त्या वादाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण चर्चा कायम अनुदानाभोवती फिरली. मूल वाचायला कसे शिकते आणि त्याच्या घरात नसलेली भाषा त्याला कशी येते, हा प्रश्न कोणत्याही बाजूच्या मागणीपत्रात ठळकपणे आल्याचे मला आठवत नाही. अनुदान माध्यमाला मिळते. वाचायला शिकवायचे असते ते मुलाला, आणि ते काम शिक्षकाचे आहे.

या तालुक्यांतल्या मराठी शाळेने केलेली एक मोठी गोष्ट आपण कधी नीट पाहिली नाही. पेडण्याच्या मुलाची घरची बोली आणि त्याच्या पाठ्यपुस्तकातली मराठी यांत अंतर होते. बोली की भाषा हा वाद इथे मला उकरून काढायचा नाही. वर्गात पहिल्या दिवशी बसणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला ते अंतर जाणवत होते, एवढे पुरे. म्हणजे दोन-तीन पिढ्या मराठी शाळेने एका अर्थी दुसऱ्या भाषेचेच अध्यापन केले, आणि ते यशस्वी झाले. का झाले? भाषा जवळची होती हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. मराठी मुलाच्या भोवती होती. देवळातले भजन आणि सप्ताह मराठीत, कीर्तन मराठीत, रात्रभर चालणारा दशावतार मराठीत, जत्रेतले नाटक मराठीत, दुकानावर येणारे वर्तमानपत्र मराठीत. शाळेत मास्तरांनी अर्धे शिकवले तरी उरलेले अर्धे गाव शिकवत असे. तिथे शिक्षकाला भाषाशिक्षणाचे शास्त्र ठाऊक नसले तरी निभावून गेले.

इंग्रजीच्या बाबतीत गावाकडून अशी मदत मिळत नाही. सड्यावरच्या पाट्या, मोबाइलवरचे चित्रफितींचे तुकडे आणि हॉटेलांतली चार वाक्ये एवढेच मुलाच्या कानावर-डोळ्यावर पडते. जे काही शिकवायचे ते वर्गात, शिक्षकालाच शिकवायचे आहे. आजूबाजूची साथ जितकी कमी, तितका शिकवणारा अधिक तयार लागतो. आपण नेमके उलटे केले. ज्या भाषेला सर्वांत तयार शिक्षक हवा, ती सर्वांत कमी तयारीच्या हातात दिली.

यात लिपीची आणखी एक अडचण आहे. आपली अक्षरे उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहेत. जसे लिहिले तसे वाचता येते. तरी मूळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून अक्षरांची संख्या इतकी मोठी होते की ती पक्की व्हायला वर्षे लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास करून हे दाखवले की अक्षरओळख पहिलीत संपत नाही, ती चौथीपर्यंत आणि पुढेही चालू राहते. मराठीचीही घडण तीच. इंग्रजीची गंमत निराळी. अक्षरे सव्वीसच, पण एकेका अक्षराचे आवाज अनेक आणि एकेका आवाजाचे स्पेलिंग अनेक. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या तेरा भाषांच्या तुलनेत असे आढळले की नियमित लिपीच्या भाषांपेक्षा इंग्रजीत मुलांना प्राथमिक वाचन साधायला दुपटीहून अधिक काळ लागतो. आणि ही मुले तर घरी इंग्रजीच बोलणारी होती. आपल्या पहिलीतल्या मुलावर या दोन्ही लिपी एकाच वर्षी येतात, आणि तिसरीकडे बोली ते प्रमाणभाषा हा प्रवासही चालू असतो.

याचा परिणाम तिसरीच्या कोणत्याही वर्गात जवळून पाहता येतो. मुलगी इंग्रजीचे पुस्तक उघडते आणि धडा खडाखडा म्हणून दाखवते. बोट ओळीवरून फिरत असते, पण शब्द तोंडातून निघतो तेव्हा बोट त्याच्या पुढे किंवा मागे असते. मधलाच एक शब्द झाकून पुढचा विचारला की ती थांबते, परत ओळीच्या सुरुवातीला जाते आणि मनातल्या मनात म्हणत तिथपर्यंत येते. पुस्तकाच्या ओळींखाली पेन्सिलीने बारीक देवनागरी असते, 'धिस इज माय हाउस'. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हे तिला पाठ असते. 'कॅट'मधले पहिले अक्षर बदलून 'मॅट' लिहिले की तो तिला सर्वस्वी नवा शब्द वाटतो. हीच मुलगी मराठीच्या धड्यातही जोडाक्षर आले की अडते, पण तिकडे कोणाचे लक्ष नसते, कारण घरच्यांना काळजी फक्त इंग्रजीची. शिक्षिकेच्या वहीत तिच्यापुढे 'वाचते' अशी खूण असते. शिक्षिका खोटे लिहीत नाही. पाठांतर आणि वाचन यांतला फरक ओळखायला तिला कोणी शिकवलेले नाही.

वाचनाचा अभ्यास केलेल्या माणसाला हा फरक पाच मिनिटांत कळतो, आणि मुख्य म्हणजे पुढे काय करायचे हेही कळते. आवाज आणि अक्षर यांची जोडी कुठे तुटली आहे, शब्द माहीत नसल्यामुळे अडते आहे की उलगडता न आल्यामुळे, मराठी वाचनातली कोणती ताकद इकडे वापरता येईल, हे तो पाहतो. मूल 'आय सॉ डॉग' लिहिते तेव्हा तो लाल शाईने नुसती फुली मारत नाही. मराठीत नामाआधी 'अ' किंवा 'द' असे काही लावावे लागत नाही, म्हणून ही चूक होते, हे त्याला माहीत असते. चुकीतून मुलाच्या मनातला नियम दिसतो, ही दृष्टी पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडली आणि परभाषा अध्यापनाच्या पदव्युत्तर अभ्यासात ती आज पहिल्या वर्षालाच येते. आपल्या प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला ती सहसा येत नाही.

प्राथमिक शिक्षकाची तयारी म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका. तिच्यात इंग्रजी अध्यापनाला इतर अनेक विषयांच्या दाटीत थोडी जागा असते. वर चढले की बी.एड. आणि फार तर इंग्रजीचे एम.ए. इंग्रजी साहित्याच्या एम.ए.ला माझा पूर्ण आदर आहे. पण शेक्सपिअर आणि आधुनिक कादंबरी यांचा अभ्यास केलेल्या माणसाला, वाचता न येणाऱ्या तिसरीतल्या मुलाला वाचते कसे करायचे हे आपोआप येत नाही. ती वेगळी विद्या आहे. तिला भाषाविज्ञान, बालमानस, लिपी, मूल्यमापन आणि वर्गातला रोजचा सराव असे सगळे लागते. देशाला हे फार पूर्वी कळले होते. त्यासाठीच १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, जी आज इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. पण तिथवर पोचणारे बहुधा महाविद्यालयांतले प्राध्यापक असतात. हणखणे किंवा मुळगावच्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका तिथे जाईल कशी, आणि परतली तर तिच्या त्या ज्ञानाची नोंद सेवापुस्तकात कुठे होईल?

या पोकळीत बाजार शिरला आहे, आणि त्याबद्दल तरुणांना सावध केले पाहिजे. घरबसल्या काही तासांत 'इंग्रजी शिकवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' देणाऱ्या जाहिराती प्रत्येक पदवीधराच्या मोबाइलवर येतात. वर्गात पाऊल न टाकता, एकाही मुलाचे वाचन न ऐकता मिळालेला हा कागद नोकरीच्या अर्जाला जोडता येतो. त्याने शिकवता येत नाही. परदेशी विद्यापीठांतल्या पूर्ण पदवीची गोष्ट वेगळी आहे, तिथला अभ्यास खरा असतो. पण तोही जसाच्या तसा उचलून चालणार नाही. त्यातला बराचसा भाग अशा मुलांसाठी रचलेला असतो, ज्यांना शाळेच्या फाटकाबाहेर पडले की चहूकडे इंग्रजीच ऐकू येते. अशा परिस्थितीतही किती वेळ लागतो पाहा. कॅनडातल्या स्थलांतरित मुलांवरून जिम कमिन्स यांनी दाखवले की बोलण्यापुरती इंग्रजी दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकातून शिकण्याइतकी यायला पाच ते सात वर्षे लागतात. आपल्याकडे बोलण्याची चटपटीत चार वाक्ये आली की पालक आणि शाळा दोघेही निश्चिंत होतात. खरी अडचण पाचवी-सहावीत विज्ञानाचे पुस्तक हातात आले की सुरू होते.

कमिन्स यांचे दुसरे म्हणणे पेडण्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. एका भाषेत कमावलेले वाचन दुसऱ्या भाषेत कामी येते. म्हणजे मराठी वाचन पक्के करण्यात गेलेला वेळ इंग्रजीतून वजा होत नाही. मराठी तोडून इंग्रजी वाढवायला जाणारा पालक नकळत इंग्रजीचाच पाया काढून घेतो. देशाच्या ग्रामीण भागाचे 'असर' या शैक्षणिक पाहणीतले २०२२चे आकडे पाहिले तर पाचवीतल्या ४२.८ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर वाचता येत होता आणि इंग्रजीतली साधी वाक्ये २४.५ टक्के मुलांना. आकडे गोव्याचे नाहीत आणि दोन चाचण्यांची काठिण्यपातळीही एक नाही. तरी ज्या देशात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना स्वतःच्या भाषेतले साधे पान वाचता येत नाही, तिथे माध्यम बदलून काय साधणार, हा प्रश्न उरतोच.

एकच पुस्तक सर्वांना दिले की समान संधी दिली, या समजुतीला अमेरिकेत न्यायालयाने धक्का दिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी भाषिक मुले इंग्रजी न कळताच वर्गात बसत होती. २१ जानेवारी १९७४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात निकाल दिला की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तीच पुस्तके आणि तेच शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. त्यानंतर तिथे दुसऱ्या भाषेच्या शिक्षकांची वेगळी तयारी आणि वेगळी पात्रता यांना वेग आला. आपल्याकडे असा खटला कोणी लढवणार नाही. पण तिसरीतली ती मुलगी त्याच स्थितीत बसलेली आहे.

आणि आपल्याकडे वाट दाखवणारे कोणी नाहीत, असेही नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांच्या वर्गांत एक प्रयोग चालवला, जो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचे नियम घोकण्याऐवजी मुलांना नकाशे आणि गाड्यांची वेळापत्रके देऊन त्यांवर विचार करायला लावले, आणि विचार करता करता इंग्रजी आली. पेडण्यात कदंब बसचे आणि विमानांचे वेळापत्रक हाताशी आहे. ते वापरणारा तयार शिक्षक हवा. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी, ज्या आधी अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकवत, प्रगत शिक्षण संस्थेतून वंचित वस्त्यांतल्या मुलांचे मराठी वाचन हाती घेतले. सगळी मूळाक्षरे संपेपर्यंत न थांबता, थोडी अक्षरे आणि स्वरचिन्हे एकत्र घेऊन मूल पहिल्या आठवड्यांतच अर्थपूर्ण शब्द वाचू लागेल अशी मांडणी त्यांनी केली. परभाषेचे अध्यापन आणि प्राथमिक वाचन या दोन विद्या एकाच माणसात आल्या की काय घडते, हे तिथे दिसते.

हे न केल्यास काय होईल, तेही स्पष्ट दिसते आहे. दोन्ही लिपी ओळखणारी, पण एकीतही पान वाचून समजून न घेणारी मुले मोठी होतील. त्यांना 'गुड मॉर्निंग सर' म्हणता येईल आणि त्या जोरावर सड्यावर सामान चढवण्या-उतरवण्याचे किंवा साफसफाईचे कंत्राटी काम मिळेल. पण सुरक्षेची नियमावली वाचणे, ईमेलला उत्तर देणे, बढतीची परीक्षा देणे हे सगळे वाचनावर चालते, आणि तिथे बाहेरून आलेला उमेदवार पुढे जाईल. जमीन गेली, आणि जिच्यासाठी मराठी सोडली ती नोकरीही तळाच्या पायरीवरच राहिली, असे म्हणण्याची वेळ आली की मग भाषेवरून पुन्हा मोर्चे निघतील. तोवर एक पिढी शाळेतून बाहेर पडलेली असेल.

केंद्राच्या निपुण भारत मोहिमेने २०२६-२७पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. तक्ते आणि संच वाटून ते गाठता येणार नाही. गोवा विद्यापीठ आणि पर्वरीची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांनी मिळून प्राथमिक वाचन आणि दुसऱ्या भाषेचे अध्यापन या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास सुरू करावा. तो नोकरीतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी असावा, शनिवारी-रविवारी आणि सुट्टीत चालावा, आणि त्याची केंद्रे विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयात व साखळीच्या सरकारी महाविद्यालयात असावीत, म्हणजे पेडणे-डिचोलीच्या शिक्षिकेला ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठापर्यंत खेपा घालाव्या लागणार नाहीत. प्रबंधाचा विषय तिच्याच वर्गातली मुले असावीत. अभ्यासात मराठी, कोकणी आणि इंग्रजी तिन्हींचे वाचन एकत्र यावे. मराठीवाले आणि कोकणीवाले यांनी निदान या एका कामात एका बाकावर बसावे. पदवी मिळवणाऱ्या शिक्षकाला वेतनवाढ द्यावी आणि त्याला पहिली-दुसरीच्या वर्गातच ठेवावे, बढती देऊन कार्यालयात बसवू नये. विमानतळ चालवणाऱ्यांनी स्थानिकांच्या प्रशिक्षणावर जो खर्च करायचा आहे, त्यातला काही वाटा इथे यावा, असा आग्रह पंचायतींनी धरावा.

पालकांना एकच विनंती. नव्या वर्षी मुलाचे नाव मराठी शाळेत घाला की इंग्रजी, फाटकावरची पाटी आणि गणवेश पाहून परतू नका. आत जाऊन विचारा, पहिलीला वाचायला कोण शिकवते, आणि ते शिकवायला ती व्यक्ती स्वतः कुठे शिकली आहे.